खुर्चीतील मालीश : ताठरलेल्या स्नायूंना पंधरा मिनिटांचा विसावा

मार्चअखेरची लेखाबंदी आणि मानेचे दुखणे यांचे नाते बँकेतील कर्मचाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. दिवेलागण होते, आकडे जुळत नाहीत, आणि मग एकेक जण नकळत उजवा हात डाव्या खांद्यावर नेतो, मानेच्या बुंध्याजवळचा स्नायू चिमटीत धरून दाबतो व पुन्हा संगणकाच्या पडद्याकडे वळतो. काउंटरच्या पलीकडे उभा असलेला ग्राहकही बहुधा याच अवस्थेत असतो. तो स्वतःच्या कचेरीतून, दुकानाच्या गल्ल्यावरून अथवा शिवणयंत्रावरून उठून आलेला असतो. ही क्षणभराची चिमटी म्हणजे मालिशीचे आद्य रूपच होय. कोणी न शिकवता हात जेथे जातो तेथे तो का जातो, आणि तेथे गेल्यावर त्याने काय करावे व काय करू नये, हे समजून घेतले तर कचेरीतील साध्या खुर्चीवरही बराच आराम मिळू शकतो.

अंगावरील कपडे न उतरवता, तेलाचा थेंबही न वापरता, बसल्या जागी मान, खांदे, पाठ, हात व डोके यांना दहा ते वीस मिनिटे क्रमाने दिलेला दाब, अशी खुर्चीतील मालिशीची व्याख्या करता येईल. विमानतळांवर व मोठ्या बाजारसंकुलांत नोटा घालून चालू होणाऱ्या यांत्रिक खुर्च्या आढळतात. त्यांचे मूळ जपानमधील ओसाका येथे १९५४ मध्ये तयार झालेल्या यंत्रात आहे. त्या खुर्च्यांचा येथे विचार केलेला नाही. यंत्राला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि ज्या कलेत चेहरा पाहून दाब कमी-जास्त करावयाचा असतो तेथे ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

पाटणा ते सॅन फ्रान्सिस्को

बसलेल्या माणसाचे अंग दाबून देणे हा आपल्या देशात जुना व्यवसाय आहे. संस्कृतात त्यास ‘संवाहन’ असा सुंदर शब्द आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नाटकात तर या पेशाचा एक माणूस महत्त्वाचे पात्र म्हणून वावरतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी रसिकांना या कथेचा परिचय आहेच. हा संवाहक मूळचा पाटलिपुत्राचा. उज्जयिनीत येऊन चारुदत्ताच्या सेवेत राहतो, चारुदत्ताला दारिद्र्य आल्यावर जुगाराच्या नादी लागतो आणि दहा सुवर्णमुद्रांच्या कर्जापायी जीव मुठीत धरून पळत सुटतो. वसंतसेना ते कर्ज फेडते, संवाहक भिक्षू होतो आणि पुढे तिचेच प्राण वाचवतो. बुडीत जाऊ पाहणाऱ्या कर्जाची इतकी चोख परतफेड वाङ्मयात क्वचितच आढळेल.

योगायोग असा की, ही कला युरोपात नेणारा गृहस्थही त्याच पाटण्याचा. १७५९ मध्ये पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद १७८४ मध्ये आयर्लंडला गेले आणि पुढे इंग्लंडमधील ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी स्नानगृह उघडून भारतीय पद्धतीने अंग चेपून देण्यास आरंभ केला. राजे चौथे जॉर्ज व चौथे विल्यम हेही त्यांच्याकडून उपचार घेत. ‘चाँपना’ या हिंदी क्रियापदापासून इंग्रजीत ‘शाम्पू’ हा शब्द गेला. त्याचा मूळ अर्थ दाबणे-चेपणे असा होता, केस धुणे हा अर्थ त्यास नंतर चिकटला. आपल्याकडे मात्र ‘चंपी’ टिकून राहिली. ‘प्यासा’ (१९५७) या चित्रपटात जॉनी वॉकर यांनी रंगविलेला तेलमालीशवाला ज्यांना आठवत नाही, असे जुने चित्रपटरसिक विरळाच.

आज कचेऱ्यांतून जी शिस्तबद्ध पद्धत रूढ आहे, तिची घडण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे १९८० च्या दशकात झाली. जपानमध्ये ‘अम्मा’ नावाची दाब देण्याची पारंपरिक विद्या असून तेथील दृष्टिहीन व्यक्तींनी ती शतकानुशतके उपजीविकेचे साधन म्हणून जतन केली. या विद्येचे शिक्षण देणारे डेव्हिड पामर यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. मालिशीचा लाभ पुष्कळांना हवा असतो. तथापि अनोळखी ठिकाणी कपडे उतरवून मंचकावर पडून राहण्याचा संकोच, लागणारा वेळ आणि होणारा खर्च या तीन अडचणी आड येतात. खुर्चीवर बसवून, कपड्यांवरूनच, पंधरा मिनिटांत काम केले तर तिन्ही अडचणी एकदम दूर होतात. छाती व चेहरा टेकवता येईल अशी खास खुर्चीही त्यांनी एका सुतारकाम जाणणाऱ्या सहकाऱ्याच्या मदतीने तयार केली आणि ती १९८६ मध्ये बाजारात आली.

हलके ओझे, पण अखंड

मानेचे दुखणे मुख्यत्वे काबाडकष्ट करणाऱ्यांना व्हावे आणि खुर्चीत बसणाऱ्यांना ते फारसे होऊ नये, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात मात्र बैठे काम करणारेही तितकेच बेजार असतात. याचे कारण ओझ्याच्या वजनात नसून त्याच्या अखंडतेत आहे.

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. ते मणक्यांच्या नेमके वर तोललेले असेल तर स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. पण पडद्यावरील बारीक आकडे वाचण्यासाठी मान दोन-चार बोटे पुढे गेली की मागच्या स्नायूंना ते डोके दोरीने ओढून धरल्याप्रमाणे सांभाळावे लागते. मानेच्या बुंध्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत व तेथून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस हा स्नायू या कामी सर्वाधिक राबतो. कळफलकावर हात अधांतरी धरले असतील तर त्यांचाही भार त्याच्यावरच येतो. त्याखेरीज मन चिंतेत असले की खांदे आपोआप कानांच्या दिशेने वर उचलले जातात, आणि हे उचललेले खांदे खाली सोडण्याचे भान दिवसभर राहत नाही.

स्वीडनमधील संशोधक योरान हेग यांनी या स्थितीविषयी एक मार्मिक कल्पना मांडली. स्नायूतील सर्व तंतू एकदम कामाला लागत नाहीत. हलक्या कामासाठी काही ठरावीक लहान तंतू प्रथम जागे होतात आणि काम संपेपर्यंत तेच राबत राहतात. मोठे तंतू जड काम आले तरच मदतीस येतात. सर्वांत आधी उठणारी व सर्वांच्या शेवटी झोपणारी परीकथेतील सिंड्रेला आठवून हेग यांनी या तंतूंना तिचे नाव दिले. नॉर्वेमध्ये वेष्टन-बांधणीचे काम करणाऱ्या महिला कामगारांच्या खांद्यांवरील विद्युत्-नोंदी घेतल्या असता असे दिसून आले की, काम करता करता ज्यांच्या स्नायूंना क्षणा-क्षणाच्या विश्रांतीच्या फटी मिळत होत्या त्या दुखण्यापासून अधिक सुरक्षित राहिल्या, आणि ज्यांच्या नोंदीत अशा फटी कमी होत्या त्यांना पुढे दुखणे जडले. फट म्हणजे किती? अवघ्या सेकंदाच्या अंशाएवढी. जाडजूड लेजर उचलणे, कपाटापर्यंत जाणे, व्हाउचर घेऊन पलीकडच्या टेबलाशी जाणे, या साऱ्यांत जुन्या शाखेतील लिपिकाला अशा असंख्य फटी आपसूक मिळत होत्या. संगणकाने श्रम वाचवले आणि त्यांबरोबर या फटीही वाचवल्या.

मालीश काय करते?

प्रथम एक लोकप्रिय समजूत दूर करावयास हवी. मालिशीने स्नायूंत साठलेले लॅक्टिक आम्ल किंवा ‘विषद्रव्ये’ पिळून बाहेर निघतात, असे मालीश करणारे मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. वस्तुतः श्रमामुळे वाढलेले हे आम्ल विश्रांती घेतल्यावर साधारण तासाभरात शरीर स्वतःच निपटून टाकते. आदल्या दिवसाच्या दुखण्याशी त्याचा संबंध नसतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अकरा तरुणांकडून कसून व्यायाम करवून घेऊन प्रत्येकाच्या एकाच पायाला मालीश केली गेली व दोन्ही पायांतील स्नायूंचे नमुने तपासण्यात आले. मालीश केलेल्या पायात दाह निर्माण करणाऱ्या संकेतांचे प्रमाण कमी आढळले. लॅक्टिक आम्लाच्या बाबतीत मात्र दोन्ही पाय सारखेच होते.

मग आराम कशाने पडतो? स्नायू किती ताठ ठेवावयाचा हे स्नायू स्वतः ठरवीत नाही, मेंदू व मज्जारज्जू ठरवितात. संथ, अपेक्षित आणि सुखद दाब त्वचेवर पडला की या यंत्रणेला धोका नसल्याची जाणीव होते व ती आपला पहारा सैल करते. श्वास खोल होतो, नाडी मंदावते, खांदे उतरतात. स्पर्शाच्या संवेदना मेंदूकडे जाऊ लागल्या की वेदनेच्या संवेदनांना काहीशी वाट अडवली जाते, हेही एक कारण आहे. शिवाय त्या पंधरा मिनिटांत माणूस पडद्यापासून दूर असतो. त्या राबत्या तंतूंना दिवसभरात न मिळालेली फट अखेर मिळते. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो, आणि तो पुष्कळांच्या समजुतीच्या उलट आहे : जोर जितका अधिक तितका गुण अधिक, हे खरे नव्हे. दुखेल इतके दाबले तर पहारा सैल होण्याऐवजी अधिकच कडक होतो आणि स्नायू दाबाखाली आणखी आवळला जातो.

आकड्यांशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना मायामी विद्यापीठातील एक प्रयोग विशेष वाटेल. टिफनी फील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तो प्रसिद्ध केला. सव्वीस जणांना आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटे, याप्रमाणे पाच आठवडे खुर्चीतील मालीश देण्यात आली; चोवीस जणांना तेवढाच वेळ त्याच खुर्चीत नुसते स्वस्थ बसविण्यात आले. मालीश घेतलेल्यांनी नंतर गणिते अधिक वेगाने व अधिक अचूक सोडविली. नुसते बसलेल्यांत तसा फरक पडला नाही. मेंदूच्या विद्युत्-नोंदींवरून पाहता, मालीश घेतलेली माणसे पेंगुळली नव्हती, उलट अधिक सावध झाली होती. अर्थात पन्नास माणसांच्या प्रयोगावरून जगाचा नियम ठरत नाही. मालिशीचा परिणाम काही तास किंवा फार तर एक-दोन दिवस टिकतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मूळ बैठक तशीच राहिली तर दुखणे परत येते.

बैठक आणि हातांचा क्रम

खास खुर्ची नसली तरी अडत नाही. पाठ टेकावयाची बाजू पुढे येईल अशी साधी, हात नसलेली खुर्ची उलट ठेवून तिच्यावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसावे व छातीशी उशी घेऊन पाठीवर रेलावे. साडी नेसलेल्या स्त्रिया, वयस्कर मंडळी व ज्यांना असे बसणे अवघड जाते त्यांच्यासाठी त्याहून सोपी रीत म्हणजे टेबलासमोर नेहमीसारखे बसून, टेबलावर उशी ठेवून, त्यावर दुमडलेले हात व हातांवर कपाळ टेकणे. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकलेले असावेत. चष्मा, गळ्यातील साखळी, ओळखपत्राची फीत काढून ठेवावी. चाकांची खुर्ची मुळीच वापरू नये. दाब देताच ती पळते.

आरंभी दोन प्रश्न विचारावेत : कोठे दुखते, आणि सध्या कोणते आजार वा औषधे चालू आहेत? स्पर्शास संमती आहे ना, हेही विचारणे शिष्टाचारास धरून होईल. कचेरीत तर ते आवश्यकच आहे. वरिष्ठाने कनिष्ठास गृहीत धरू नये, आणि कनिष्ठास ‘नको’ म्हणता यावे. व्यावसायिक मालीश करणारा येणार असेल तर हे काम बंद दाराआड न करता मोकळ्या, चार माणसे ये-जा करतील अशा जागी ठेवावे. कपड्यांवरून व बसूनच करावयाच्या या पद्धतीची तीच तर सोय आहे.

देणाऱ्याने मागे उभे राहून एक पाय पुढे व एक मागे ठेवावा, पाठ सरळ ठेवावी आणि कोपरे फारशी न वाकवता आपल्या शरीराचा भार हळूहळू पुढे झुकवावा. दाब शरीराच्या झुकण्यातून यावा, अंगठ्याच्या ताकदीतून नव्हे. नवशिक्यांची ही चूक हमखास होते. दोन माणसांना आराम देईतो त्यांचेच अंगठे दुखू लागतात.

प्रथम दोन्ही तळहात खांद्यांवर नुसते टेकवून दोन-तीन श्वास थांबावे. हा वेळ वाया जात नाही. हातांची ऊब आणि स्थिरता यांतून पुढे काय होणार याची समोरच्याला खात्री पटते. मग मान व खांदा यांमधील मांसल भाग तळहात व चार बोटे यांच्या मध्ये धरून, कणीक मळताना लावतो तेवढ्या जोराने, सावकाश आवळावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा आणि तितक्याच सावकाश सोडावा. मानेजवळून आरंभ करून खांद्याच्या टोकाकडे जावे व ही फेरी तीन वेळा करावी. सोडणे हे आवळण्याइतकेच महत्त्वाचे आहे. झटक्याने हात काढला की स्नायू दचकतो.

यानंतर पाठ. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, कण्यापासून दोन बोटे अंतर सोडून, अंगठे अथवा तळहाताचा मनगटाकडील भाग टेकवून वरून खाली कमरेपर्यंत टप्प्याटप्प्याने दाब द्यावा. प्रत्यक्ष मणक्यांवर कधीही दाबू नये. बरगड्या संपतात त्याखाली, कमरेच्या वरच्या पोकळ भागात, मूत्रपिंडे असल्याने तेथे जोर अगदी हलका ठेवावा. खांद्याचे त्रिकोणी हाड व कणा यांच्या मधल्या पट्ट्यात बैठे काम करणाऱ्यांना बहुतेक एक तरी गाठीसारखी दुखरी जागा सापडते. तेथे अंगठा रगडत बसण्याऐवजी स्थिर दाब देऊन समोरच्यास संथ श्वास सोडावयास सांगावे. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यावयाचे झाले तर दाब पाचाच्या वर जाऊ देऊ नये. ‘गोड दुखते’ असे उत्तर आले तर ठीक; खांदा आखडला, श्वास रोखला गेला किंवा मुठी वळल्या, तर तोंडाने काहीही सांगितले तरी दाब कमी करावा.

हातांकडे बहुधा दुर्लक्ष होते. वास्तविक टंकलेखन करणाऱ्याचे, नोटा मोजणाऱ्याचे व शिक्के मारणाऱ्याचे कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू खांद्यांइतकेच थकलेले असतात. दंड व पुढचा हात दोन्ही तळहातांमध्ये धरून वरून खाली दाबत यावे. नंतर तळहात वर करून अंगठ्याखालील फुगीर भाग लहान लहान वर्तुळांत चोळावा आणि शेवटी प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढावे. बोटे मोडू नयेत. रोखपालाच्या कामावरून उठलेल्या माणसास एवढ्यानेच जो आराम वाटतो, तो पाठ दाबूनही कधी कधी वाटत नाही.

मान सर्वांत शेवटी, आणि सर्वांत हळुवार. एका हाताने कपाळास आधार देऊन दुसऱ्या हाताचा अंगठा व बोटे मानेच्या मागील दोन्ही स्नायूंवर ठेवून ते हलकेच उचलल्यासारखे दाबावेत. कवटीचे हाड जेथे संपते त्या कडेखाली बोटांनी संथ वर्तुळे काढावीत. पडद्याकडे पाहून जडावणाऱ्या डोक्याचे मूळ पुष्कळदा याच जागी असते. मानेच्या पुढील व कडेच्या भागास स्पर्श करू नये, कारण मेंदूस रक्त नेणाऱ्या वाहिन्या तेथून जातात आणि त्यांच्यावरील दाबाने काही व्यक्तींत नाडी व रक्तदाब एकाएकी उतरतो. मग बोटांच्या टोकांनी डोके चोळून, खांद्यांवरून खाली तीन-चार वेळा हात फिरवून थांबावे. मिनिटभर तसेच बसू द्यावे आणि मगच सावकाश उठवावे. एकदम उठल्यास, विशेषतः रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना, भोवळ येऊ शकते.

जेथे हात आवरावा

केशकर्तनालयातील खुर्चीत दाढी-कटिंगनंतर मान एका झटक्यात कडकड मोडून घेण्याची हौस आपल्याकडे फार आहे. ती मालीश नव्हे. दिल्ली परिसरात २०१७ मध्ये अशा झटक्यानंतर श्वासपटलाकडे जाणाऱ्या नसा दुखावून एका गृहस्थास श्वास घेणे कठीण झाल्याची घटना वृत्तपत्रांतून गाजली होती. मान मागे टेकून केस धुऊन घेताना मानेतील रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघाताची लक्षणे उद्भवलेल्या पाच स्त्रियांची नोंद अमेरिकी डॉक्टर मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्ये केली आहे. अशा घटना विरळ असतात हे खरे. पण त्यांच्या बदल्यात मिळणारा ‘कट्’ असा आवाज हा काही लाभ नव्हे.

ताप, त्वचारोग, ताजी जखम वा शस्त्रक्रिया, अस्थिभंग, आटोक्यात नसलेला रक्तदाब, यांपैकी काही असेल तर मालीश पुढे ढकलावी. गर्भवती स्त्रिया, कर्करोगावर उपचार घेत असलेले रुग्ण आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणारे यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज ती घेऊ नये. हाडे ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. वडिलांची किंवा आजीची पाठ दाबून देण्याची आपली रीत मायेची आहे, परंतु सत्तरीनंतर बरगडी मोडण्यास फारसा जोर लागत नाही. तेथे दाबण्याऐवजी हात फिरवणेच इष्ट. एकाच पोटरीला सूज, उष्णता व दुखणे असेल तर ती मुळीच चोळू नये, आत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. हातात मुंग्या उतरणे, बोटे बधिर होणे, पकड सैल पडणे ही मणक्यातील नस दबल्याची लक्षणे असू शकतात व त्यांची जागा डॉक्टरांच्या तपासणी-कक्षात आहे.

आणि एक गोष्ट शाखेतील प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. डावा खांदा, हात किंवा जबडा दुखत असून त्याबरोबर छातीत दडपण, दरदरून घाम, मळमळ किंवा धाप असेल, तर ते ‘खांदा धरला’ म्हणून दाबत बसण्याचे दुखणे नव्हे. रांगेत उभ्या असलेल्या निवृत्तिवेतनधारकास असे होत असेल तर त्यास बसवावे आणि क्षणही न दवडता १०८ किंवा ११२ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही व्यक्ती व स्त्रिया यांच्यात हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ न येताही केवळ खांदा, पाठ वा जबडा दुखू शकतो.

दुसरे कोणी नसेल तेव्हा

मालीश करणारा रोज भेटणार नाही, पण फटी स्वतःला देता येतात. उजव्या हाताने डाव्या खांद्याचा मांसल भाग घट्ट धरून मान सावकाश उजवीकडे वळवावी, तीन श्वास थांबावे आणि बाजू बदलावी. टेनिसचा चेंडू भिंत व पाठ यांच्या मध्ये, कण्याच्या बाजूला ठेवून गुडघे किंचित वाकवत वर-खाली सरकले की जेथे स्वतःचा हात पोचत नाही त्या जागेला दाब मिळतो. दोन्ही खांदे मुद्दाम कानांपर्यंत उचलून पाच सेकंद धरावेत व एकदम सैल सोडावेत. उचललेला खांदा कसा असतो हे कळल्यावरच तो सोडता येतो. दर अर्ध्या तासाने एकदा उठावे, मग ते पाण्याचा पेला भरण्यासाठी का होईना.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असावी, कोपरे काटकोनात टेकलेली असावीत, हे बहुतेकांस ठाऊक असते. कमी ठाऊक असलेली बाब चष्म्याची आहे. चाळिशीनंतर दुहेरी भिंगाचा चष्मा लागला की भिंगाच्या खालच्या भागातून पडदा दिसावा म्हणून माणूस दिवसभर हनुवटी वर करून बसतो आणि मानेच्या मागील स्नायू आखडून घेतो. असा पडदा नेहमीपेक्षा थोडा खाली व मागे कललेला ठेवावा, किंवा संगणकासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. वर्षानुवर्षे मानेवर लेप लावणाऱ्या कित्येकांचे दुखणे खरे तर चष्म्याच्या दुकानात आहे. दूरध्वनी कान व खांदा यांच्यात दाबून धरत लिहिण्याची सवयही अशीच, एकाच बाजूचे खांदे धरणाऱ्यांत हटकून सापडणारी.

पुरुषांच्या पाठीमागील खिशातील पाकिटाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. जाड पाकिटावर दिवसभर बसल्याने कंबर एका बाजूस कलते व नितंबातील नस दबून पायात कळ उतरते. अमेरिकी डॉक्टरांनी १९७० च्या दशकातच या विकारास क्रेडिट कार्डांनी फुगलेल्या पाकिटावरून नाव दिले होते. अशा रुग्णाची कंबर दाबून उपयोग होत नाही; पाकीट पुढच्या खिशात ठेवावे लागते.